गिऱ्हाइकाच्या वेषातला ग्रेडर

‘‘अय्या मॅडम, तुम्ही!’’

अमरावतीत बडनेरा रोडवरच्या एका कपड्यांच्या मोठ्या दुकानाचं काचेचं दार ढकलून मी आत पाय ठेवला. मोबाइलमध्ये वेळ पाहिली, सहा वाजून बारा मिनिटं. तेवढ्यात कुर्त्यांच्या रांगेमागून ही हाक आली. नववीत असताना माझ्याकडे गणिताच्या शिकवणीला येणारी मुलगी दुकानाचा गणवेश घालून, छातीवर नावाची पट्टी लावून उभी होती. तिनं वाकून नमस्कार केला, घरच्यांची चौकशी केली, स्टूल ओढून दिलं, पाणी आणलं आणि आत जाऊन चहाही सांगितला. त्या संध्याकाळी त्या दुकानात एवढं अगत्य दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आलं नसेल. माझा दिवस मात्र तिथंच बुडाला.

मी तिथं गिऱ्हाईक म्हणून तिला आणि तिच्या सोबतिणींना तपासायला गेले होते. आत आल्यावर किती सेकंदांत नमस्कार होतो, हसून होतो की नाही, कोणती ओढणी सोबत घ्या म्हणून सुचवतात, हे सगळं मनात टिपून घरी येऊन लिहायचं होतं. सूचनांच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत होतं : दुकानातला कुणीही कर्मचारी ओळखीचा निघाल्यास भेट रद्द. अडीचशे रुपये मानधन गेलं, ऑटोचं भाडं गेलं. चहा तेवढा पदरात पडला.

या कामाला मिस्ट्री शॉपिंग म्हणतात. एखादा ब्रँड आपली दुकानं कशी चालली आहेत हे बघण्यासाठी तपासणी कंपनी नेमतो. ती कंपनी गावोगावच्या माझ्यासारख्यांना गिऱ्हाईक बनवून पाठवते. दुकानातल्या माणसाला पत्ता लागू द्यायचा नाही, ही पहिली अट आणि शेवटचीही. २०२१च्या दिवाळीच्या सुमारास, करोनात शिकवण्या बंद पडल्या तेव्हा मी हे काम धरलं आणि चार वर्षं केलं. पिझ्झा, मोबाइल, चप्पल, सोनं, मोटारी, पेट्रोल पंप, बँकेच्या मुदत ठेवी, सगळीकडे गेले. बहुतेक ठिकाणी मी काही विकत घेतलं नाही. जिथं घेतलं तिथं मला ते नको होतं.

*

मी राहते बडनेऱ्याला. बाहेरच्या माणसाला बडनेरा म्हणजे अमरावतीला जाण्यासाठी उतरायचं स्टेशन. मुंबई–हावडा मार्गावरच्या गाड्या आमच्याकडे थांबतात आणि अमरावती दहा किलोमीटर बाजूला, फाट्यावर राहते. वऱ्हाडातला कापूस मुंबईच्या बंदरावर न्यायला इंग्रजांनी हा रूळ टाकला, तो १८६७मध्ये नागपूरला पोचला. कापसासाठी झालेली ही सोय तपासणी कंपनीलाही आवडली. माझा पिनकोड बघून त्यांनी ठरवलं की ही बाई अर्ध्या तासात अमरावतीत आणि दीड तासात अकोल्यात पोचू शकते. त्यांच्या नकाशावर मी एक सोयीचा ठिपका होते.

नकाशावर दिसत नाही ते असं, की इथं अनोळखी राहणं हेच सगळ्यांत कठीण काम आहे. एका बाजूला जुनी वस्ती, एका बाजूला नवी वस्ती. या दोन वस्त्यांत मिळून कुणाची सून कुठली, कुणाचा जावई काय करतो, हे सगळ्यांना ठाऊक. हे काम ज्यांनी शोधून काढलं त्यांच्या शहरांत गिऱ्हाईक परकंच असतं. आमच्याकडे व्यवहाराची सुरुवातच ‘‘कोन गावचे जी तुम्ही?’’ इथून होते. मोबाइलच्या दुकानात मी नागपूरहून आलेली पाहुणी असल्याचं सोंग नीट वठवत होते. तेवढ्यात बाजूच्या गिऱ्हाइकानं विचारलं, ‘‘तुम्ही पार्सल ऑफिसातल्या साहेबांच्या घरच्या न?’’ विकणाऱ्या मुलानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं, आणि सोंग गळून पडलं.

घरातही सांगायची सोय नव्हती. गुप्ततेच्या करारावर सही केलेली. शेजारणींचं मत झालं की हिला खरेदीचं वेड लागलंय. सासूबाई एकदा माझ्या हातातली जुनीच पिशवी बघून म्हणाल्या, ‘‘रोज बजारात जाते अन् रोज रिकामी येते. कोनाले भेटाले जाते व माय तू?’’

*

काम चालतं ते असं. पोर्टलवर भेटींची यादी लागते. अर्ज करायचा. मग सूचनापुस्तिका वाचून छोटी परीक्षा द्यायची. पुस्तिका चौदा पानांची, वाचायला अर्धा तास, त्याचे पैसे नाहीत. पास झालात की ‘प्रसंग’ मिळतो : तुम्ही नवऱ्याच्या वाढदिवसासाठी भेट शोधताय, जवळ तीन हजार आहेत, पहिल्यांदा ‘नको’ म्हणा, दुसऱ्यांदा ‘विचार करते’ म्हणा, तिसऱ्यांदा कुणी सुचवतं का ते बघा. वेळही ठरलेली असते, सात ते नऊ म्हणजे सात ते नऊ.

एका बर्गरच्या दुकानाचा कागद अजून माझ्याजवळ आहे. रांगेत उभं राहिल्यापासून ऑर्डर घेईपर्यंत किती सेकंद? ट्रे हातात पडेपर्यंत किती? ट्रेवरचा कागद सरळ होता का? बटाट्याच्या काड्या वाफाळत होत्या का? ‘आणखी काही घेणार?’ असं विचारलं का? प्रसाधनगृहात साबण होता का, कचऱ्याचा डबा किती भरला होता? काउंटरवरच्या माणसाचं नाव, अंदाजे वय, उंची, केसांची ठेवण. असे त्रेसष्ट प्रश्न, आणि सगळं डोक्यात ठेवायचं. टिपताना कुणी पाहिलं की भेट बाद. म्हणून मी दर दहा मिनिटांनी प्रसाधनगृहात जात असे. चार वर्षांतलं माझं बरंचसं लेखन तिथं, दाराला आतून कडी घालून, मोबाइलवर झालेलं आहे.

एकदा भेट नेमकी संकष्टीला आली. नवा चिकन बर्गर मागवायचा आणि चव लिहायची. दिवस बदलून मागितला तर भेट दुसऱ्याला जाणार. मी मुलाला सोबत नेलं. त्यानं खाल्लं, मी पाणी प्यायले. चवीबद्दल त्याचा अभिप्राय एका शब्दाचा होता : ‘भारी.’ मी तो जरा सजवून लिहिला. रात्री साडेअकराला दूरच्या कुठल्याशा महानगरात बसलेल्या, आमचे अहवाल तपासणाऱ्या संपादकाचा प्रश्न आला : चव चांगली म्हणजे नेमकी कशी? पोत, तापमान आणि मसाला यांवर प्रत्येकी एक वाक्य लिहा. मी झोपलेल्या पोराला हलवून विचारलं, ‘‘मसाला कसा होता रे?’’ तो कूस बदलत म्हणाला, ‘‘भारीच होता न आई.’’

अहवाल नाकारला जायला कारण लागत नाही असं नाही, पण छोटं पुरतं. बिलावर सहा वाजून अठ्ठावन्न मिनिटं छापली आणि माझी वेळ सातला सुरू होत होती. दोन मिनिटांपायी मानधन गेलं आणि पदरचे चारशे वीस रुपयेही गेले. सगळं सुरळीत पार पडलं तर पैसे दोन महिन्यांनी. एकदा मी हिशेब मांडला. अडीचशे मानधन, साठ रुपये भाडं, उरले एकशे नव्वद. पुस्तिका, प्रवास, भेट आणि अहवाल मिळून पावणेचार तास. तासाला पन्नास रुपये. २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगाराची व्याख्या आली, तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांपुढे पाठीवर चौकोनी पिशवी घेतलेला डिलिव्हरीवाला आला. पर्स घेऊन दुकानात शिरणारी बाई कुणाच्या डोळ्यांपुढे येणार?

आमच्या नावावर फसवणुकीचा धंदाही चालतो. ‘घरबसल्या मिस्ट्री शॉपर व्हा, आधी नोंदणी शुल्क भरा’ असे संदेश येतात. अमेरिकेत लोकांना खोटे चेक पाठवून ‘यातले पैसे काढून पुढे पाठवा, हीच तुमची तपासणी’ असं सांगून लुबाडतात, आणि तिथलं ग्राहकहिताचं सरकारी खातं त्याबद्दल सतत सावध करत असतं. आपल्याकडे त्याचं भावंड म्हणजे मोबाइलवरची ‘टास्क’. हॉटेलांना पाच तारे द्या, दीडशे रुपये मिळवा, मग पाच हजार गुंतवा. खरी कंपनी काम देण्यासाठी पैसे मागत नाही. ती काम झाल्यावरही लवकर देत नाही, हीच तिची ओळख. फसलात तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावं. उशीर झाला की पैसे एका खात्यातून दुसऱ्यात निघून जातात.

*

वेष बदलून खरं काय ते बघण्याची कल्पना जुनी. आपल्या गोष्टींतले राजे रात्री घोंगडी पांघरून नगरात फिरत. या धंद्याच्या आधुनिक पूर्वजाचा संबंध मात्र रेल्वेशी आहे, आणि बडनेऱ्याच्या माणसाला ते ऐकून बरं वाटावं. १८५०च्या दशकात अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांना संशय होता की गाडीतले कंडक्टर भाड्याचे पैसे खिशात घालतात. त्यांनी अ‍ॅलन पिंकर्टन या गुप्तहेराला नेमलं आणि त्याची माणसं प्रवासी बनून गाडीत बसू लागली. पुढे १९४०च्या दशकात दुकानांसाठी हीच युक्ती ‘मिस्ट्री शॉपिंग’ या नावानं रूढ झाली.

आपल्याकडचा गाजलेला प्रसंग मे २०२१मधला. पिंपरी-चिंचवडचे तेव्हाचे पोलीस आयुक्त कृष्ण प्रकाश दाढी लावून, वेष पालटून रात्री आपल्याच पोलीस ठाण्यांत तक्रारदार म्हणून गेले. सहायक आयुक्त प्रेरणा कट्टे त्यांची पत्नी बनून सोबत होत्या. हिंजवडी आणि वाकडला तक्रार नीट ऐकून घेतली गेली. पिंपरीत रुग्णवाहिकावाला करोनाच्या रुग्णासाठी भरमसाट पैसे मागतोय असं सांगितल्यावर ‘हे आमचं काम नाही’ अशा थाटाचं उत्तर मिळालं. हे काम धरल्यावर ती बातमी आठवली की मला मौज वाटे आणि थोडा हेवाही. आयुक्तांना आपला अहवाल कुणी नाकारील ही भीती नव्हती.

डॉक्टरांकडेही अशी माणसं गेली आहेत. मुंबई आणि पाटण्यात क्षयरोगाची लक्षणं पाठ केलेले नकली रुग्ण खाजगी दवाखान्यांत पाठवले गेले. खोकला किती दिवसांचा, ताप कधी येतो, हे त्यांना घोटून शिकवलं होतं, आणि बाहेर आल्यावर त्यांनाही माझ्यासारखी आठवणीतून प्रश्नावली भरायची होती. तो अभ्यास २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्याहून जास्त भेटींत रुग्णाला योग्य ती दिशा मिळालीच नव्हती. भारतातल्या विमा एजंटांकडे अशीच माणसं पाठवून केलेला अभ्यास २०१७मध्ये आला. स्वस्त आणि पुरेसा मुदतीचा विमा सोडून, ज्यात दलाली मोठी ती पॉलिसी एजंट बहुतेकांच्या गळ्यात मारत होते. साताऱ्याच्या अ‍ॅड. वर्षा देशपांडे यांच्या लेक लाडकी अभियानानं तर गरोदर बायकांनाच सोबत घेऊन गर्भलिंग तपासणाऱ्या डॉक्टरांवर सापळे लावले. एखादी पोटुशी बाई पर्समध्ये रेकॉर्डर घेऊन त्या टेबलावर झोपते, तिच्या छातीची धडधड मला कल्पनेतही झेपत नाही.

या सगळ्यांत ज्याचं सोंग घेतलं तो खाली होता आणि ज्याला तपासायचं तो वर होता. ठाणेदार, डॉक्टर, एजंट, सगळ्यांच्या हातात समोरच्याचं काहीतरी अडकलेलं होतं. तिथं वेष बदलणं हा दुबळ्याचा इलाज आहे. मी मात्र वेष बदलून महिना दहा-बारा हजारांवर आठ-दहा तास उभ्या राहणाऱ्या मुलींचं हसू मोजत होते. हे मला पहिली दोन वर्षं दिसलंच नाही, कारण मी माझ्या अडीचशे रुपयांमागे होते.

*

हसू कसं मोजतात? कागदावर लिहिलं होतं : स्मित करताना दात दिसले का? ‘वेलकम टू’ आणि पुढे ब्रँडचं नाव, असं स्वागत झालं का? नजरेला नजर दिली का?

अकोल्यातल्या एका दुकानात चाळिशीतली एक बाई मला म्हणाली, ‘‘या न ताई, लई ऊन हाये, पंख्याखाली बसा आंधी.’’ नवतप्याचे दिवस होते, बाहेर डांबर वितळत होतं. तिनं कूलरचं तोंड माझ्याकडे वळवलं आणि मी श्वास घेईपर्यंत एक शब्द बोलली नाही. कागदाप्रमाणे तिला स्वागताला शून्य, कारण ब्रँडचं नाव घेतलं नाही. स्मिताला शून्य, कारण तिच्या दातांवर खर्ऱ्याचे डाग होते आणि ती ओठ मिटून हसत होती. ‘पहिल्या दोन मिनिटांत उत्पादनाची माहिती दिली का?’ यालाही शून्य. पंख्याखाली बसवल्याचा रकाना नव्हता.

शेवटी ‘अन्य निरीक्षणं’ अशी एक चौकट असते. त्यात मी हे सगळं लिहिलं. संपादकानं उलट विचारलं, याचा विक्रीशी संबंध स्पष्ट करा.

अमरावतीत गिला वडा खायला उभं राहिलं की ही गोष्ट उलटी दिसते. गाड्यावरचा माणूस कुणाला वेलकम म्हणत नाही. पहिला घास घेतल्यावर समोरचं गिऱ्हाईक म्हणतं, ‘‘आज दही आंबट झालं भाऊ.’’ तो म्हणतो, ‘‘गरमी हाये, रात्रीतून चढते. थांबा, साखर टाकून देतो.’’ परीक्षा झाली, उत्तर आलं, सुधारणा झाली, आणि हे सगळं ताटली हातात असेपर्यंत. दोघंही एकमेकांना दिसत होते.

मोठ्या दुकानांतले लोकही बावळट नसतात. अमरावतीतल्या एका दुकानाचे व्यवस्थापक नोकरी सोडल्यावर मला चहाच्या टपरीवर भेटले. मी काय करायचे हे तेव्हा मी सांगितलं. ते खो खो हसले. ‘‘आम्हाले सगळे मिस्ट्री ओळखू येत होते मॅडम. आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. जे गिऱ्हाईक पट्टीवरचं नाव वाचते, मोबाइलात वेळ पाहते, बाथरूम कुठं हाये विचारते अन् तीस रुपयाच्या वस्तूचं बिल जपून ठेवते, तो मिस्ट्री. लगेच मेसेज : आला रे.’’ मग त्यांनी सांगितलं, की त्यामुळे प्रसाधनगृह कुठे आहे असं विचारणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याची त्यांच्याकडे राजासारखी बडदास्त ठेवली जाई. माझ्या चार वर्षांच्या कामाचा एवढा एक उपयोग झाला असेल, तर तो मी आनंदानं नोंदवते.

पुढे ते जरा थांबून म्हणाले, ‘‘पन तुमच्या मार्कावर आमच्या पोराइचा इन्सेंटिव्ह राहे. ऐंशीच्या खाली गेलं की त्या महिन्याचा सगळ्याइचा कट.’’ मी ऐंशीच्या खाली किती वेळा गेले ते आठवायचा प्रयत्न केला. आठवलं नाही. अहवाल पाठवला की मी विसरून जात असे.

याच कामातले अकोल्याचे एक निवृत्त बँक कर्मचारी माझ्या परिचयाचे झाले. ते बँकांच्या भेटी घेत. त्यांनी मला सांगितलं, ‘‘चौतीस वर्षं मी काउंटरच्या आत होतो. चश्मा विसरलेला म्हातारा आला की त्याची स्लिप भरून देत होतो. आता माझ्या प्रश्नावलीत स्लिप भरून देणाऱ्याला गुण नाहीत. ‘विमा घेता का?’ विचारणाऱ्याला दहा आहेत.’’

*

ज्या भेटीनं माझं मन या कामातून उडालं ती अकोल्यातली. घरगुती उपकरणांचं दुकान. प्रसंग असा होता : एका ठरावीक कंपनीचं महागडं वॉशिंग मशीन मागायचं आणि विक्रेता त्याहून वरचं मॉडेल सुचवतो का ते बघायचं. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा होता, गणवेशाच्या बाह्या लांब पडत होत्या. त्यानं मशीन दाखवलं, झाकण उघडलं, बटणं समजावली. मग इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. ‘‘ताई, कोन गावाहून आल्या?’’

‘‘बडनेऱ्याहून.’’ हे तेवढं खरं होतं.

‘‘मंग हे नका घेऊ. बिघडलं तं याचा मेकॅनिक नागपूरहून येते, आठ-आठ दिवस लागते. अन् तुमच्याइकडे पानी जड असन. हे साधंवालं घ्या, तीन हजारानं कमी हाये. माह्या मोठ्या बहिनीकडे हेच हाये.’’

मी बाहेर आले. प्रसाधनगृहात जायची गरजच नव्हती, त्याचा शब्द न् शब्द लक्षात होता. स्टेशनवर गाडीची वाट बघत बसले आणि मोबाइलवर प्रश्नावली उघडली. वरचं मॉडेल सुचवलं का? नाही. फायनान्सची योजना सांगितली का? नाही. उत्पादनाबद्दल नकारात्मक बोलला का? हो. आणि मग : कर्मचाऱ्याचं नाव लिहा, हे उत्तर अनिवार्य.

त्याचं नाव मला स्पष्ट आठवत होतं. मी लिहिलं, पट्टी दिसली नाही. संपादकानं दोनदा विचारलं, वर्णन द्या. मी लिहिलं, आठवत नाही. चार वर्षांतली माझी ती सगळ्यांत मोठी लबाडी. अहवाल अपूर्ण म्हणून नाकारला गेला, आणि माझ्या नावापुढची चांदण्यांची रांग पाचावरून तीनावर आली. तेव्हा मला कळलं की माझ्यावरही कुणीतरी कुठंतरी बसून गुण टाकत होतं, आणि मीही त्याला बघू शकत नव्हते.

*

हे सगळं मी पहिल्यांदा बाबांना सांगितलं. ते कापूस पिकवणारे शेतकरी, आता थकले. आमच्या घरात ‘तपासणारा’ म्हटलं की एकच माणूस डोळ्यांपुढे येई : ग्रेडर. १९७२पासून राज्यात एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली आणि पुढची तीसेक वर्षं सरकारी केंद्रावर कापूस घालायचा हा वऱ्हाडातला हिवाळ्याचा नेम झाला. बंड्यांची रांग लागे. थंडीत शेकोटी करून, बैलांना कडबा टाकून, एक-दोन रात्री तिथंच. मग ग्रेडर येई, बोऱ्यात हात घाली, मूठभर कापूस काढून बोटांनी उकले, कवडी किती, पाला किती, ओल किती ते पाही आणि ग्रेड लिही. त्या एका अक्षरावर वर्षाचा हिशेब. कन्येच्या लग्नापासून बँकेच्या कर्जापर्यंत सगळं त्या मुठीत.

शेतकऱ्यांनी ग्रेडरला शिव्या घातल्या, त्याच्या पक्षपाताच्या कहाण्या सांगितल्या. तरी तपासणीची ही चौकट वऱ्हाडात त्याच्याही फार आधीची. कारंज्याचा कापूस बाजार १८८६मध्ये नियंत्रणाखाली आला, देशातला असा तो पहिला बाजार मानला जातो. १८९७मध्ये वऱ्हाडच्या कापूस आणि धान्य बाजारांसाठी कायदाच झाला. इंग्रजांना त्यांच्या गिरण्यांसाठी स्वच्छ, भेसळ नसलेला कापूस हवा होता. बाजार समितीवर व्यापारी बसले. ज्याचा माल काट्यावर चढायचा, त्या शेतकऱ्याला तिथं जागा नव्हती. काटा कुणी धरायचा आणि काट्याकडे बघायचा हक्क कुणाला, हा प्रश्न आमच्या भागात कापसाइतकाच जुना आहे.

बाबांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘‘म्हंजे तू ग्रेडर झाली.’’

‘‘हो, तसंच.’’

‘‘ग्रेडर तं समोर उभा राहे. मी त्याले म्हनत होतो, साहेब, वरचा कापूस दवानं ओला झाला, अजून खालून हात घालून पाहा. एखाद वेळ ऐके, एखाद वेळ नाई ऐके. तुह्या त्या पोट्ट्याले तुले असं म्हनता येते का?’’

मी काही बोलले नाही. त्यांनी सुपारी कातरायला घेतली.

*

दुकानांच्या भेटी मी आता घेत नाही. एक सवय मात्र ठेवली आहे.

बडनेऱ्याहून अकोल्याकडे जाणारा महामार्ग जून २०२२मध्ये जगभर गाजला. लोणी ते माना दरम्यान १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटरचा डांबरी थर टाकून गिनीज बुकात नोंद झाली. या रस्त्यावरच्या पंपांवर मी पूर्वी लपूनछपून जात असे : मीटर शून्यावर आहे असं सांगितलं का, हवा फुकट भरली का, पाण्याची आणि शौचालयाची सोय आहे का. पंपावर पाच लिटरचं माप ठेवलेलं असतं, त्यावर वैधमापनशास्त्र विभागाची मोहर असते आणि कुणीही गिऱ्हाईक ‘मोजून दाखवा’ म्हणू शकतं, हे मला तेव्हाच कळलं. पाच लिटरमागे पंचवीस मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, त्याहून कमी भरलं तर तक्रार करता येते. यासाठी वेष लागत नाही, करार लागत नाही, अहवाल लागत नाही.

गेल्या उन्हाळ्यात मूर्तिजापूरहून परतताना यांची मोटारसायकल रिझर्व्हला आली. पंपावर थांबलो. मी तिथल्या पोराला म्हटलं, ‘‘पाच लिटर टाक, पण मापात टाकून दाखव आधी.’’ यांनी दुसरीकडे तोंड फिरवलं. मागे दोन गाड्या उभ्या राहिल्या.

‘‘काहून काकू, भरोसा नाई का?’’

‘‘हाये रे बाबा. पाहू तं दे.’’

तो कुरकुरत आत गेला आणि माप घेऊन आला. फरशीवर ठेवलं, नोजल लावलं, मीटरवर पाच लिटर झाले. मी वाकून मापाच्या मानेवरच्या काचेत पाहिलं. पेट्रोल रेषेच्या चांगलंच खाली दिसत होतं. माझ्या आवाजात लगेच जुनी धार आली. ‘‘हे बघ. कमी आहे.’’

तोही वाकला. आमची डोकी जवळजवळ आपटली. त्यानं काचेकडे पाहिलं, मग खाली पाहिलं.

‘‘कमी नाई काकू, माप तिरपं हाये. फरशी फुटेल हाये न इथं, हे पाहा.’’

खरंच, मापाचा एक पाय फुटक्या फरशीच्या खळग्यात होता. त्यानं दोन्ही हातांनी माप उचललं आणि वीतभर पलीकडे सपाट जागेवर ठेवलं. पेट्रोल हललं, डुचमळलं, आणि स्थिर झाल्यावर बरोबर रेषेवर आलं.

‘‘आता?’’ तो म्हणाला.

‘‘आता बरोबर,’’ मी म्हटलं, आणि टाकीचं झाकण उघडून नरसाळं धरलं.